रातपाळीची लाईट

२०१३ च्या दिवाळीच्या सुमारास शुक्रवार-शनिवारी रात्री आमच्या सोप्यात दहा-पंधरा माणसं जमायची. अनिल कपूरची '२४' मालिका असायची. तासाच्या भागात तासाचीच गोष्ट. पडद्यावर घड्याळ पळायला लागलं, की सगळ्यांची बोलणी बंद. पंतप्रधान होणाऱ्या माणसावर मारेकरी टपलेले, त्याला वाचवणाऱ्या जयसिंग राठोडची पोरगी पळवलेली. बायका तोंडाला पदर लावायच्या. आमचा दादा तर "आरं, मागं बघ की!" म्हणून टीव्हीवरच ओरडायचा.

एका रात्री ऐन गोळीबारात थ्री फेज लाईट आली. माझा पोरगा बॅटरी घेऊन उसाला पाणी धरायला निघाला. कुणी मान वळवली नाही. मीही नाही. भाग संपला, तरी सगळे त्या पोरीसाठी हळहळत होते.

आई कोपऱ्यातनं म्हणाली, "तिचा बाप तिला हुडकतोय की. तुझं पोरगं एकलंच काळोखात गेलंय, त्याचा घोर हाय का कुणाला?"

गेल्याच साली शेजारच्या रानात घोणस चावून एक गडी गेला होता. मी चपला घातल्या. बांधावरनं बॅटरीचा उजेड हलताना दिसला, तेव्हा कुठं जीव खाली पडला.

पुढं रातपाळी असली, की मीही पोराबरोबर जायचो. राहिलेली गोष्ट सकाळी दादाकडनं ऐकायचो.