बिनपगारी, फुल अधिकारी

बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसाला आम्ही एक प्रश्न न चुकता विचारतो: आपण करता काय? फॉर्मात त्यासाठी ठराविक चौकोन आहेत. नोकरी, व्यवसाय, शेती, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त. जो कशातच बसत नाही त्याच्यासाठी शेवटी एक ‘इतर’ आहे. गेली वीस वर्षं मी या चौकोनांत पालघर आणि बोईसरची माणसं बसवतो आहे. आता माझ्याच घरातलं एक माणूस त्या शेवटच्या चौकोनाकडे निघालं आहे.

आमची कन्या पालघरच्या दांडेकर कॉलेजात झूऑलॉजी घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही राहतो बोईसरला. बोईसरला नोकरी या शब्दाचे दोनच अर्थ होतात. एक, १९६९ साली सुरू झालेलं तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलं. दुसरा, एमआयडीसी. केमिस्ट्री घेतलेल्या मुलाला शेजारी विचारतात, “कुठल्या प्लॉटवर लागला?” झूऑलॉजी म्हटल्यावर विचारतात, “म्हणजे गुरांची डॉक्टर का?” कारखान्यांच्या सांडपाण्यावरून मच्छीमारांच्या संघटनेने २०१६ साली हरित लवादाकडे धाव घेतली, तेव्हापासून मला तर दोन्ही शास्त्रांतला फरक स्पष्ट दिसतो. केमिस्ट्रीवाल्याने खाडीत काय सोडायचं ते बघायचं आणि झूऑलॉजीवाल्याने खाडीत काय उरलं ते मोजायचं. पहिल्याला पगार असतो.

दुसऱ्याचं काय, ते मला गेल्या सुट्टीत कळलं.

“बाबा, मी या सुट्टीत काम करणार आहे.”

“वा! पगार किती?”

“पगार नसतो. व्हॉलंटिअर म्हणून.”

“मग जाण्यायेण्याचं?”

“ते आपलं आपण.”

“जेवण?”

“डबा न्यायचा.”

“मग मिळतं काय?”

“अनुभव. आणि सर्टिफिकेट.”

राष्ट्रीय बचतीचं सर्टिफिकेट असतं तर मी पुढे एक अक्षर बोललो नसतो.

काम होतं डहाणूला. पावसाळ्यात आमच्या या किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवं वाहून येतात. समुद्रात तुटून राहिलेल्या जाळ्यांत अडकून त्यांची वल्ह्यासारखी पुढची पावलं कापली जातात. डहाणूला वनखातं आणि तिथली एक वन्यजीव संस्था मिळून त्यांच्यावर उपचार करत आली आहेत, आणि हातापायाची कामं करायला आसपासची पोरं येतात. टाकीतलं पाणी बदलायचं, टाकी घासायची, मासे भरवायचे, जखम पुसायची. घरी जेवल्यावर स्वतःचं ताट न उचलणारी मुलगी कासवाची टाकी घासायला सकाळच्या लोकलने डहाणूला जाऊ लागली. (२०१३ साली लोकल डहाणूपर्यंत नेली ती याचसाठी असावी.) सौ. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, “आपल्या बाथरूमलाही शेवाळ धरलंय म्हणावं.”

ही बातमी मी बँकेत सांगितली, तर आमच्या हेड कॅशिअरना पुढचंच ठाऊक होतं. त्यांच्या साडूचा मुलगा बुद्धपौर्णिमेला विदर्भात जाऊन मचाणावर बसून आला होता. चांदण्यात रात्रभर बसायचं आणि पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायची. पूर्वी याला प्राणिगणना म्हणत. आता निसर्गानुभव म्हणतात, आणि मचाणाचे पैसे पडतात. हेड कॅशिअर बराच वेळ विचारात होते. मग म्हणाले, “म्हणजे रात्रभर कॅश मोजायची आणि सकाळी जाताना वर मॅनेजरला पैसे द्यायचे?”

या क्षेत्रात पगाराच्या नोकऱ्या नाहीतच असं नाही. कन्येने मला कागदावर मांडून दाखवलं. आधी एम.एस्सी. मग नेट. मग ज्युनिअर रिसर्च फेलो झालं की २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. पण मुदतीपुरतेच. भारतीय वनसेवा आहे. तिथे लेखी परीक्षा झाल्यावर चार तासांत पुरुषांना २५ आणि बायकांना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. आम्हांला बँकेच्या परीक्षेला नुसतं बसावं लागलं होतं. आणि कुठेही अर्ज करा, पहिला प्रश्न एकच: पूर्वानुभव? तो अनुभव कुठे मिळतो? कासवाच्या टाकीत.

“सालिम अलींनी काय केलं माहीत आहे का?” ती म्हणाली. मला माहीत नव्हतं ते हे की या गृहस्थांनी तरुणपणी दावर्स कॉलेजात चक्क हिशेबनिशी शिकून घेतली होती. म्हणजे आमचेच! १९२६ मध्ये त्यांना मुंबईच्या म्युझिअममध्ये नोकरी लागली. रजेवर जर्मनीला शिकायला गेले आणि परत येऊन बघतात तो पैशाअभावी जागाच रद्द. मग १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहून ते सुगरणीची घरटी बघत बसले, आणि त्यावरच नाव झालं. पुढे संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी करायची निघाली तेव्हा त्यांनी सांगितलं, मेहनताना नको, फक्त खर्च द्या. कन्या हे अभिमानाने सांगत होती. मी म्हटलं, म्हणजे या खात्याचं वेतनमान तेव्हाच ठरलं तर. आमचा द्विपक्षीय करार निदान पाच वर्षांनी तरी होतो. यांचा तेव्हापासून रखडलेला दिसतो.

तरी मीही त्यात ओढला गेलोच. कन्येच्या प्रोजेक्टसाठी सातपाटीला पापलेटं मोजायची होती. पापलेट २०२३ साली राज्यमासा झाला, आणि त्याच साली सरकारने अगदी लहान मासे धरू नयेत म्हणून किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर. रविवारी ती पट्टी घेऊन निघाली आणि मी पिशवी घेऊन. बंदरावर एका टोपलीशी ती बसली.

“पोरी, घ्यायचा हाय का नुसता मोजायचा?”

“मोजायचाय, मावशी. कॉलेजचं काम आहे.”

“मंग मोज. पन दाबू नको. किती देतात याचे?”

“काही नाही.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “आन् हे?”

“माझे बाबा.”

“ते पन फुकट?”

मी दोन पापलेटं घेतली आणि भाव केला नाही.

कन्येच्या वर्गात विक्रमगडकडचा एक मुलगा होता. वारली. ही पोरगी पक्षी दिसला की आधी दुर्बीण लावते, मग पुस्तक उघडते, मग फोनला विचारते. तो पाठमोरा उभा राहून नुसत्या आवाजावर सांगायचा. वर त्या पक्ष्याचं त्यांच्या पाड्यावरचं नाव, आणि तो कुठल्या झाडावर घर करतो तेही. प्रोफेसरही आधी त्याच्याकडे बघत. डहाणूचं काम निघालं तेव्हा पहिलं नाव त्याचंच होतं. दोन महिने बिनपगारी आणि गाडीभाडं पदरचं हे कळल्यावर तो “बघतो” म्हणाला. नंतर कॉलेजही सुटलं, आणि तो एमआयडीसीत कंत्राटावर लागला. बारा तासांची पाळी.

मी धंद्याने कारकून. घरी येऊन हिशेब मांडला. कन्येचा पास, डबा, रेनकोट, आणि माझ्या एका वेतनवाढीला गिळून बसलेली ती दुर्बीण. ‘कमवा आणि शिका’ ही योजना मला माहीत होती; ही ‘बापाने कमवा आणि मी शिकते’ अशी निघाली. कासवांना मदत संस्था करते, वनखातं करतं, आणि मासिक हप्त्याने एक बँक कारकूनही करतो. त्या मुलाच्या खात्याला मात्र जमेच्या बाजूला कोणीच नव्हतं. उलट घरून त्याच्याकडेच मागणी होती. बेरीज दोनदा तपासली. तीच आली.

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते. १९८७ पासून चालते, आणि तीही स्वयंसेवकांचीच. आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मला वही दिली होती, कारण पाच-पाचचे गठ्ठे करून मोजणं एवढं एक मला येतं. साडेसातच्या सुमारास तो मुलगा आला. रात्रपाळी करून थेट, कारखान्याच्या निळ्या शर्टात, डोळे लाल. दुर्बीण मागितली नाही. “काका, लिहा. तुतवार, सात. तो मागे चिखल्या. कुरव मी मोजतो, तुम्ही नुसते आकडे घ्या.” मी तीन पानं लिहिली. कन्या नावं दुर्बिणीतून ताडून बघत होती आणि दर वेळी मान हलवत होती.

दहाला तो झोपायला निघाला. चप्पल झटकता झटकता म्हणाला, “काका, पुढच्या वर्षी पण असतं ना हे? आधी कळवा हां. दिवसपाळी आली तर खाडा करीन. त्या दिवसाचे कापतील, तेवढं चालेल.”