दिंडीची ट्रॉली आणि तिचे टायर

वाचकहो, ज्येष्ठ महिना लागला की गावोगाव दिंडीची लगबग सुरू होते. पखवाजाला नवी शाई चढते, पताकांना नवे कापड येते, राहुट्या उन्हात पसरून त्यांची भोके शिवली जातात. भिशीचा हिशोब होतो, तांदूळ-डाळीची पोती बांधली जातात. सगळ्याची आठवण होते. फक्त हे सगळे ओझे जिच्यावर लादायचे, त्या ट्रॉलीच्या टायरांकडे कोणी वाकून पाहत नाही. म्हणून आज तुम्हाला आळंदी ते पंढरपूर या वाटेने नेतो, पण नजर जरा खाली, चाकांकडे ठेवू या.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदी सोडते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. माणसे पायी चालतात आणि राहुट्या, भांडी, वळकट्या, पाण्याच्या टाक्या वाहनातून पुढे जातात. पुण्यातली गर्दी, दिवे घाटाची वळणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, मग नीरेचा पूल, लोणंद, तरडगाव, फलटण. पुढे बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरी. रस्ता डांबरी असला तरी मुक्कामाचे रान काळे. रात्री पाऊस झाला की सकाळी ट्रॉली चिखलातून उपसून काढावी लागते. शिवाय आपापल्या गावाहून आळंदीला जायचे आणि पंढरीहून परतायचे अंतर वेगळेच. वर्षभर बांधावरून खळ्यापर्यंत फिरलेल्या चाकांना ही वारी सोपी नसते.

आता २०१६ सालच्या वारीत आमच्यावर जे बेतले ते सांगतो. आमच्या दिंडीत दीडशे माणसे. पहाटे फलटणच्या राहुट्या उतरवून ट्रॉली बरडकडे निघाली. विडणी मागे पडली आणि तोफ उडावी तसा आवाज झाला. मागचे डावे चाक फुटले. ट्रॉली झोल खाऊन कडेला ओढली गेली. त्या कडेनेच वारकऱ्यांची रांग चालली होती. चालवणाऱ्याने ब्रेक आवळून धरला नाही, सावकाश थांबवली, म्हणून निभावले. ट्रॉली थांबली तेव्हा तुळस घेतलेली एक म्हातारी आणि ते चाक यांच्यात हातभर अंतर होते. ती "माउली, माउली" म्हणत पुढे चालू लागली. आमचे मात्र पाय लटपटत होते.

स्टेपनी होती, पण ती घरी गोठ्यात राहिली होती! एकाला मोटारसायकलवर परत फलटणला पाठवले. एवढ्या गर्दीतून टायरवाला येऊन चाक बदलेपर्यंत दिवस कलला. आमची माणसे बरडला पोचली तेव्हा तिथे ना राहुटी होती, ना चूल. पावसाची भुरभुर सुरू होती. शेजारच्या दिंडीने आमच्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या राहुटीत घेतले आणि पिठले-भाकरीत वाटेकरी करून घेतले. ते ऋण कसे फिटणार?

फुटलेला टायर पाहून मी टायरवाल्याला म्हणालो, "अहो मामा, बटन तर चांगले बोटभर आहे. मग फुटला कसा?" त्याने बाजूचा चिखल पुसला आणि एका लांबट चौकटीतले चार आकडे दाखवले : ०९०७. म्हणाला, "माउली, हा २००७ सालच्या नवव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नऊ वर्षांचा झाला. तो पळून फाटला नाही, उभा राहून फाटलाय."

वाचकहो, सगळे मर्म या एका वाक्यात आहे. ट्रकचा टायर रोज पळतो आणि झिजून संपतो. आपल्या ट्रॉलीचा टायर वर्षातले बहुतेक दिवस उन्हात उभा असतो. त्याचे बटन झिजत नाही, पण रबर आतून वाळते, कडक होते. बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडतात. एकाच जागी ओझे पडून हवा कमी होत जाते. अशा चाकावर दीडशे माणसांचा संसार लादून तासन् तास पळवले, की कमी हवेचा टायर बाजूला दुमडत राहतो, तापतो आणि शेवटी फुटतो. म्हणून ट्रॉलीच्या टायरचे नुसते बटन पाहू नका, वय पाहा.

नवा टायर घेताना दुकानात चार गोष्टी विचारा.

पहिली, तयार झाल्याची तारीख. दुकानात दोन-तीन वर्षे पडून असलेला टायर स्वस्तात मिळाला, तरी त्याचे तेवढे आयुष्य आधीच गेलेले असते.

दुसरी, भार. बाजूवर माप, प्लाय, किती किलो ओझे आणि त्याला किती हवा, हे सारे लिहिलेले असते. ९.००-१६ माप आणि १६ प्लाय असे टायर ट्रॉलीला पुष्कळ ठिकाणी दिसतात, पण आपल्या डिस्कला बसेल तेच माप घ्या. सामान भरून ट्रॉली एकदा वजनकाट्यावर न्या. समजा, चार चाकांच्या ट्रॉलीचे सगळे मिळून सहा टन भरले. प्रत्येक चाकावर दीड टन आले. पण खड्ड्यात ट्रॉली कलली की एकाच चाकावर जास्त भार येतो. म्हणून टायर दीड टनाचा न घेता दोन टनांचा घ्यावा.

तिसरी, जात. बैलगाडीच्या टायरवर 'एडीव्ही' अशी अक्षरे असतात. तो बैलाच्या चालीसाठी बनवलेला आहे, ट्रॅक्टरमागे लावू नये. ट्रकचे उतरलेले टायर स्वस्त पडतात, पण त्यांचेही वय वाचा. रिमोल्ड करायचा तर सांगाडा तरुण हवा; म्हाताऱ्या सांगाड्यावर नवे बटन चढवणे म्हणजे कुजक्या वाशावर नवे कौल. एका एक्सलवर एक रेडियल आणि एक साधा नायलॉन टायर असे बसवू नका.

चौथी, खर्च. चारही एकदम झेपत नसतील, तर यंदा दोन, पुढच्या साली दोन घ्या. नवी जोडी एकाच एक्सलवर, जिथे ओझे जास्त तिथे बसवा. ट्यूबही नवीच टाका.

आणि घेतलेला टायर टिकवायचा कसा? ट्रॉली महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर एक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन चाके अधर करा. गोणपाट टाकून ऊन अडवा. डिझेल, ऑइल रबरावर सांडू देऊ नका. निघायच्या दिवशी सकाळी, चाके थंड असताना, मीटर लावून हवा मोजा. नुसती लाथ मारून हवा कळत नाही! जॅक, पाना आणि स्टेपनी सामानाच्या आधी चढवा. माणसे मात्र ट्रॉलीत बसवू नका. मालाच्या ट्रॉलीतून प्रवासी नेणे कायद्याला मंजूर नाही आणि शहाणपणाचेही नाही.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि पुढे ठिकठिकाणी ही वाट रुंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की ट्रॅक्टरचा वेगही वाढतो आणि जुना टायर अधिक तापतो. म्हणून पूर्वीपेक्षा आता जास्त जपायला हवे.

आमच्या दिंडीत आता एक नेम आहे. वीणापूजन होण्याआधी शाळेतली पोरे ट्रॉलीच्या चारही चाकांवरचे आणि स्टेपनीवरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवतात आणि म्हातारी माणसे बोटांवर वर्षे मोजतात. पाच मिनिटांचे काम. या रविवारी तुमच्या घरच्या पोरांनाही हेच काम सांगा.

राम कृष्ण हरी.