माचीवरची तार

"काका, हिची टोकं कुठं जोडायची?"

सिद्धगडाच्या माचीवर, पीक निघून मोकळ्या झालेल्या एका वावरात मी तांब्याची तार उलगडत होतो. तिचं एक टोक हातात धरून उभ्या असलेल्या पोरानं हे विचारलं. मी म्हणालो, कुठंच नाही. टोकं मोकळीच राहणार, हवेत. त्यानं तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या माहितीतली तार एका जागेहून निघून दुसऱ्या जागी पोचते. विजेची खांबावरून घरात येते, कुंपणाची एका मेढीवरून दुसऱ्या मेढीवर जाते. कुठंच न पोचणारी तार बांधायला हा माणूस एवढा गड चढून का आला, हे त्याला कळेना. दिवस होता १ जानेवारीचा, दुपारचा.

रेडिओसाठी बांधायच्या अशा तारेचं गणित सोपं आहे आणि मला ते फार आवडतं. १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या कंप्रतेनं भागायचं, की अर्ध्या लहरीची तार मीटरमध्ये मिळते. मला हवी होती ७.०८. उत्तर आलं २० मीटर आणि वर वीस सेंटीमीटर. मधोमध कापून दोन हात करायचे, प्रत्येकी १० मीटर १० सेंटीमीटर. मधे पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा, त्याला भोकं पाडून दोन्ही हात ओवलेले. तिथंच संचाकडे जाणाऱ्या कोॲक्स केबलची आतली तार एका हाताला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या हाताला सोल्डर केलेली. त्याच्या खाली कोॲक्सची आठ वेटोळी पाइपावर घट्ट गुंडाळलेली, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगानं लहरी परत उतरत नाहीत. एका पावसाळ्यात मी हा सांधा नीट बुजवला नव्हता. थेंबाथेंबानं पाणी जाळीत मुरलं आणि दोन वाव केबलमधलं तांबं काळं पडलं. तेव्हापासून मी एम-सील लावतो, त्यावर टेप गुंडाळतो, आणि सांध्याच्या खाली केबलला एक झोळ देतो, म्हणजे पाणी तिथून गळून जातं.

तार घरातल्या वायरिंगचीच, दीड चौरस मिलिमीटरची. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्यावरच्या प्लॅस्टिकच्या सालीमुळे लहर तारेवरून किंचित सावकाश चालते, त्यामुळे कागदावरच्या लांबीपेक्षा प्रत्यक्षात ती थोडी आखूड करावी लागते. म्हणून पहिल्यांदा कधी कापायचं नाही. टोक मागे दुमडून तारेलाच पिळा द्यायचा, वर चढवायची, मोजायचं, पुन्हा उतरवायची. एकतारी जुळवणारा माणूस खुंटी पिळतो, कान लावतो, पुन्हा पिळतो, तसंच हे काम. लांब तार खालच्या सुरात बोलते, आखूड वरच्या. दोन्ही हात दहा-दहा सेंटीमीटर आखडले, की सूर साधारण ७० किलोहर्ट्झनं चढतो.

तार टांगायला आंब्याचं झाड होतं. मी दोरीला दगड बांधून फांदीवरून फेकायला लागलो. तिसऱ्यांदाही तो अलीकडेच पडला, तेव्हा पोरानं खिशातून गलोल काढली. माझ्याकडच्या बारीक नायलॉनच्या दोऱ्याला एक गुळगुळीत खडा बांधला, एक डोळा मिटला, आणि मला हवी होती त्याच बेचक्यातून खडा पलीकडे पाठवला. त्या दोऱ्यानं दोरी ओढली, दोरीनं तार. जगभरातले हौशी रेडिओवाले हेच करतात. कुणी मासेमारीचा गळ वापरतो, कुणी धनुष्यबाण. पण इतकी नेमकी गलोल मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नाही.

मधला भाग सहा मीटरवर गेला. त्यानं विचारलं, अजून वर घेऊ? वरची फांदी रिकामी होती.

नको, म्हणालो. इथं मला थोडं थांबायला हवं, कारण ही गोष्ट मला सह्याद्रीनं शिकवली. पुस्तकं सांगतात, तार जितकी उंच तितकी चांगली. अर्धी लहर उंच बांधली, म्हणजे वीस-एकवीस मीटरवर, की लहरी क्षितिजाकडे झेपावतात आणि समुद्रापार जातात. मीही शहरातल्या गच्चीवर बरीच वर्षं उंचीच्याच मागे होतो. पण इथं क्षितिज आहे कुठं? पूर्वेला भीमाशंकराची भिंत उभी, डोक्यावर सिद्धगडाचा बालेकिल्ला, उत्तरेला गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. हातातला छोटा वॉकीटॉकी सरळ रेषेत बोलतो आणि कड्यावर आपटून गप्प होतो. माझ्या फोनलाही त्या वावरात रेंज नव्हती. तारच बुटकी बांधली, तर लहरी जवळजवळ उभ्या वर जातात, वातावरणाच्या वरच्या थराला, आयनांबराला, लागून परततात आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या मुलखावर उतरतात. पाऊस उतरताना मधे कडा आहे की दरी हे बघत नाही, तशा. बुटक्या तारेला डोंगर आडवा येत नाही. डोंगरातल्या माणसासाठी हीच तार खरी, असं माझं मत आहे.

पोटाशी लाकडाची मोळी धरून एक आजी बांधावरून गेली. तिनं वर पाहून विचारलं, "वलणी बांधली का रं पोरा?" पोरगा म्हणाला, नाय गं, रेडिओची हाय. आजी म्हणाली, मग पलीकडनं बांध, इथनं गुरं येतात. बरोबर होतं तिचं. टोकांजवळ विजेचा दाब सगळ्यात जास्त असतो, प्रक्षेपण चालू असताना तिथं कुणाचं अंग लागता कामा नये. आम्ही एक टोक हिरड्याच्या झाडाकडे वळवलं.

मोजल्यावर तार ६.८५ वर बोलत होती. दोन्ही हात दुमडत दुमडत ९ मीटर ७५ सेंटीमीटरवर आणले, तेव्हा मीटरचा काटा ७.०८ वर खाली बसला.

हौशी रेडिओला ७.० ते ७.२ असा सगळा पट्टा मोकळा आहे. मग ७.०८ च का?

कारण प्रकाशाच्या वेगाला ७.०८ नं भागलं, की जवळपास ४२.३४ मीटर येतात. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईत सुरू झालेलं काँग्रेस रेडिओ नावाचं भूमिगत केंद्र आपली ओळख देताना हाच आकडा सांगायचं. ४२.३४ मीटर, भारतातल्या कुठल्याशा जागेवरून. ती जागा आधी चौपाटीवरच्या इमारतीत होती, मग पोलिसांच्या शोधगाड्या चुकवत बदलत गेली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं हौशी परवाने बंद करून संच जमा करायला लावले होते. म्हणजे नुसतं यंत्र जवळ असणं हाच गुन्हा होता. हे केंद्र चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. आष्टी आणि चिमूरला काय घडलं ते छापायला वर्तमानपत्रं धजत नव्हती, तेव्हा ते या रेडिओनं सांगितलं. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी केंद्र पकडलं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, ती येरवड्यात.

त्याच महिन्यांत माथेरान, कर्जत, मुरबाडच्या या डोंगरांत भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता. कोतवाल माथेरानचे, १९१२ चे. पेशानं वकील. शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या काढल्या, शाळा काढल्या. तिकडे शहरात एक तार लपवून उभी होती, इकडे दुसऱ्या तारा जमिनीवर येत होत्या. दस्त्याचे निरोप माणसांच्या पायांनी जायचे, रात्रीच्या वाटेनं, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे या गडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. खाली स्मारक आहे. दर वर्षी या तारखेला तिथं माणसं येतात. मी तीच रात्र माचीवर काढायला आलो होतो आणि तार त्यांच्याच दिवसांतल्या लहरीवर जुळवली होती. एवढंच माझ्या हातून होण्यासारखं होतं.

संध्याकाळी पोरगा शेजारी बसून राहिला. मी त्याला सांगितलं, या भिंतीच्या पलीकडे, सरळ पूर्वेला, जुन्नर तालुक्यात खोडद नावाचं गाव आहे. तिथं आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या पत्र्याच्या केल्या नाहीत. पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी ताणून केल्या, म्हणून वारा त्यांच्यातून निघून जातो. तारेनंच त्या आकाशगंगांचं ऐकतात. तो म्हणाला, म्हणजे आपलीसारखीच? मी हो म्हणालो. माझ्या मते ते खोटं नव्हतं.

मग त्यानं माळीणचं नाव काढलं. ते गावही याच भिंतीच्या पलीकडचं, आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकाकडून. रस्ता संपला तिथं गाव नव्हतं. माझी तार तिथं असती तरी तिनं कड्याला थोपवलं नसतं, हे मला माहीत आहे. पण १९९३ मध्ये किल्लारीला भूकंपानंतर हौशी रेडिओवाले संच घेऊन गेले होते आणि त्यांनी निरोप वाहिले होते, हेही माहीत आहे. वीस मीटर वायर, एक बॅटरी, आणि ती बांधता येणारा एक माणूस प्रत्येक दुर्गम वाडीत असावा, असं मला फार मनापासून वाटतं. ज्याला गलोल मारता येते त्याला बाकीचं सहज शिकवता येईल.

पहाटे साडेपाचला उठलो. दव इतकं, की तारेवरून थेंब ओघळत होते. हेडफोन लावला. सूर्योदयाआधी आयनांबर सगळ्यात विरळ असतं. उभी गेलेली लहर तेव्हा परतत नाही, आरपार निघून जाते. जवळचं काहीच ऐकू येत नाही. फार लांबून, कुठल्या देशातून कोण जाणे, मोर्सचे बारीक ठिपके येत होते, आणि बाकी नुसती खरखर. सहा वाजले. खालच्या जंगलातून एक पक्षी बोलला. मी ७.०८ वरून हललो नाही. सव्वासहा. साडेसहा.

सातच्या पुढे भिंतीमागून उजेड आला. बालेकिल्ल्याचा माथा आधी तांबडा झाला, मग उतरत उतरत ऊन माचीवर आलं. वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचीवर, तेच ऊन आयनांबर भरत होतं. आठच्या सुमाराला खरखरीतून मराठी शब्द वर आले. लातूरकडचा कुणी आपली हाकेची खूण सांगत होता. मी उत्तर दिलं. दहा वॅट, सहा मीटरवरची तार. पोरगा केव्हा येऊन बसला ते कळलं नाही. मी हेडफोन काढून स्पीकर लावला.

"ठिकाण पुन्हा सांगा," पलीकडचा म्हणाला. "नाव नीट आलं नाही."

मी सांगितलं, अक्षरं सुटी करून.

क्षणभर खरखर. मग तो आवाज स्पष्ट म्हणाला, "सिद्धगड. तालुका मुरबाड. सिद्धगड, बरोबर?"

पोरगा उठला आणि आजीला सांगायला घराकडे पळाला.