कोंडाळं

रोज सकाळी दहाला आमच्या टीमचा 'हडल' असतो. सगळे उठून लीडच्या टेबलाभोवती जमतात. काल काय केलं, आज काय करणार, पंधरा मिनिटांत विषय संपतो. मी कायम डावीकडच्या टोकाला उभी राहते. सहा वर्षांची असताना गालगुंड झाले आणि माझा डावा कान गेला. ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात एकदा ती जागा मिळाली नाही. लीड नेमका माझ्या डाव्या बाजूला होता. "हे आज रिलीज करायचं नाही," तो म्हणाला. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं आणि माणसं वाक्याचा शेवट गिळतात. मला 'करायचं'पर्यंतच ऐकू आलं. मी मान डोलावली आणि दुपारी रिलीज करून टाकलं. ते मागे घेण्यात चौघांची संध्याकाळ गेली. "लक्ष कुठे असतं तुझं?" यावर मी फक्त "सॉरी" म्हणाले. निष्काळजी ठरलेलं चालणार होतं, बहिरी ठरलेलं नाही.

रात्री झोप येईना, म्हणून हा 'हडल' आला कुठून ते शोधत बसले. पोचले एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये.

६ नोव्हेंबर १८६९ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू. चेंडू उचलून पळायला मनाई, म्हणजे आजच्या सॉकरच्या जवळचा खेळ. रटगर्सनं तो ६-४ असा जिंकला. पुढे १८८०मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्पच्या आग्रहानं नियम बदलला: चेंडू एका संघाच्या ताब्यात आणि दोन्ही संघ एका रेषेच्या अल्याड-पल्याड. १८८२मध्ये भर पडली, तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. खेळ थांबत थांबत पुढे सरकू लागला. आता दर वेळी पुढची चाल आपल्या अकरा जणांना कळवायची, पण समोरच्यांना कळू द्यायची नाही. त्यासाठी ठरलेले परवलीचे शब्द ओरडले जायचे.

ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांनी काय करायचं?

वॉशिंग्टनचं गॅलॉडेट हे कर्णबधिरांचं कॉलेज. तिथला क्वार्टरबॅक पॉल हबर्ड हातांच्या खुणांनी चाल सांगायचा. समोर ऐकणारा संघ असला की काळजी नव्हती. पण समोरचेही कर्णबधिर असले, तर सगळा बेत उघड्यावर. म्हणून १८९४च्या सुमारास त्यानं आपल्या खेळाडूंना गोल उभं केलं, पाठी बाहेर, तोंडं आत, आणि मधोमध खुणा केल्या. हडलचं श्रेय बहुतेक जण त्यालाच देतात.

ज्या १८८०मध्ये ती रेषा आली, त्याच वर्षी मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. तिथे ठराव झाला की शिकवायचं ते बोलूनच, खुणांनी नाही. त्यानंतर कितीतरी शाळांत मुलांच्या हातांवर बंदी आली. शाळा हात लपवायला सांगत होत्या, कारण त्यांना ते कमीपणाचं वाटत होतं. हबर्डनं हात लपवले, कारण ते हात फार स्पष्ट बोलत होते.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्याच सुमारास विल्यम हॉय हा कर्णबधिर खेळाडू होता. अंपायरचा पुकारा त्याला कळायचा नाही. म्हणून त्यानं तिसऱ्या बेसजवळच्या सहकाऱ्याला तो हातांनी दाखवायला सांगितलं. १८८८च्या मोसमात त्यानं ८२ बेस चोरले, लीगमध्ये सर्वांत जास्त.

मी या वाक्याशी थांबले. त्यानं सांगितलं होतं. मी एवढ्या वर्षांत फक्त जागा बदलत राहिले होते.

सकाळी लीडला गाठलं. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्या दिवशी तुझं 'नाही' ऐकूच आलं नाही." तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "अगं, तेव्हाच सांगायचंस ना."

आता हडल संपला की तो ठरलेलं सगळं ग्रुपवर टाइप करतो. कधीकधी विसरतो. मग मीच सगळ्यांसमोर विचारते, "करायचं की करायचं नाही?"

तो मान वर करतो, माझ्याकडे तोंड करतो आणि पुन्हा सांगतो.