मिक्सिंगचं मशीन

नांदेडला काँप्युटरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, बजेट सांगा." मी बजेट सांगितलं नाही. खिशातलं मेमरी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणालो, "यातली फाइल जे मशीन न अडखळता चालवील, ते द्या." दुकानातलं पोरगं हसलं. त्याच्याकडं येणारी गिऱ्हाइकं एकतर गेम खेळणारी असतात, नाहीतर टॅली चालवणारी. लग्नाचं मिक्सिंग करणारा माणूस कार्ड घेऊन येतो, हे त्याला नवीन होतं.

कुरुंद्यात आणि वसमतच्या आसपासच्या गावांत लग्नं शूट करणं, ती मिक्स, म्हणजे एडिट, करून देणं हा माझा धंदा. सुरुवात मिनीडीव्हीच्या कॅसेटवर झाली. तासाची कॅसेट काँप्युटरमध्ये घ्यायला अख्खा तास लागायचा आणि तेवढ्याला तेरा जीबी जागा जायची. तरी तो काळ मशीन घेणाऱ्याला सोपा होता, कारण सगळ्यांचं फुटेज एकाच जातीचं असायचं. आता कॅमेऱ्याच्या मेनूत एक खूण इकडची तिकडं झाली की फाइलचा सगळा स्वभाव बदलतो. नवरदेव घोड्यावरून उतरतोय तोवर कॅमेरामन कोणत्या मोडवर गेला, हे घरी आल्यावरच कळतं.

माझा कॅमेरा एच.२६५ मध्ये, दहा बिटात, ४:२:२ रंगात लिहितो. ऐकायला हे छान वाटतं. टाइमलाइनवर मात्र ही फाइल आडमुठी असते. ती उलगडायला प्रोसेसरच्या पोटात वेगळा भाग लागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या स्वतःच्या ग्राफिक्समध्ये तो आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ ची ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत नव्हतीच. म्हणजे तुम्ही कितीही महागडं जुनं कार्ड बसवा, या फाइलपुढं ते हात बांधून उभं राहतं.

दुकानदारानं कोटेशनवर लिहिलं : आय-सेव्हन, १२७००एफ. तो शेवटचा 'एफ' असला की प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, तरी तो फार महाग पडणारा आहे. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर. गेमवाल्याला त्याचं काहीच वाटत नाही, तो वेगळं कार्ड लावणारच असतो. मला मात्र नेमका तोच भाग हवा होता. "वरून ग्राफिक्स कार्ड टाकायलाच लागलो ना भाऊ, मग आतलं काय करायचं?" हा त्याचा युक्तिवाद बिनतोड होता, पण फाइलला तो पटत नव्हता. त्याच्याच दुकानातल्या एफवाल्या मशीनवर माझी क्लिप लावली. चित्र दोन पावलं चाललं आणि उभं राहिलं. शेजारच्या साध्या, कार्ड नसलेल्या ऑफिसच्या मशीनवर तीच क्लिप सुतासारखी सरळ गेली. त्यानंतर पोरगं हसलं नाही. कोटेशनवरचा एफ त्यानं स्वतःच्या पेननं खोडला.

ग्राफिक्स कार्ड तरीही घेतलंच, आरटीएक्स ३०६०, बारा जीबीचं. रंग दुरुस्त करणं, रात्रीच्या वरातीतला दाणेदारपणा काढणं ही कामं त्याच्यावर पडतात, आणि तिथं वेगापेक्षा कार्डाची स्वतःची मेमरी जास्त उपयोगी येते. रॅम सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या, बत्तीस जीबी. बत्तीसची एकच पट्टी घेतली तर मेमरी निम्म्या रुंदीच्या रस्त्यावरून येते-जाते. पारदर्शक काचेचं, आत लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट मात्र नको म्हणून सांगितलं. का, ते पुढं येईलच.

डिस्कचा हिशोब मी कागदावर मांडतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगानं लिहिणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी खातो. हळद, लग्न, वरात धरून दोन कॅमेऱ्यांचं मिळून दहा तास फुटेज आलं तर साडेचारशे जीबी एका घरचं. म्हणून चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर आणि संपलेलं काम मोठ्या हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क घेतानाही सीएमआर जातीची आहे का, हे विचारून घेतो. एसएमआर जातीची डिस्क मोठी कॉपी चालू असताना मध्येच रखडते. आणि प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत वसमतला मेव्हण्याच्या घरी असते. २०२२ च्या जुलैत आमच्या गावात पुराचं पाणी शिरलं होतं. २०२४ च्या जुलैत सकाळी सकाळी ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का हिंगोली, परभणी, नांदेड तिन्ही जिल्ह्यांनी अनुभवला. दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवायला हे गाव बरं नाही.

आता कॅबिनेटबद्दल. आमचा भाग हळदीचा आहे, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. शिजवून वाळवलेली हळद उन्हाळ्याच्या तोंडाला पॉलिशच्या ड्रममध्ये फिरते, तेव्हा वाऱ्यावर पिवळी धूळ असते. लग्नाच्या तिथीही तेव्हाच दाट. मशीन उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचांत, सगळीकडं पिवळा थर. ओल्या बोटानं पुसला तर बोट रंगतं. म्हणून मला समोरून जाळी असलेलं, धुता येणारी गाळणी बाहेर ओढता येईल असं साधं लोखंडी कॅबिनेट हवं होतं. मे महिन्यात पत्र्याखाली बसून रेंडर लावणाऱ्याला काचेची शोभा परवडत नाही.

विजेचं दुखणं तर त्याहून जुनं. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवा मंद होतो, आणि एखाद दिवशी डीपीच जळते. बँकेत ठेवतात तसला ६०० व्हीएचा यूपीएस दुकानदार फुकट द्यायला तयार होता. त्यावर ६०० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तो साडेतीनशे वॅटच्या आसपासच झेपवतो, आणि रेंडरच्या वेळी माझं मशीन त्याच्या पलीकडं जातं. शिवाय हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसना चौकोनी लाटेची वीज मानवत नाही. लाइट गेली की यूपीएस 'टिक' म्हणतो आणि मशीन बंद. मी शुद्ध साइन वेव्हचा, मोठा यूपीएस घेतला आणि त्यापायी कार्डाची पायरी एकानं उतरवली. वायरमनला बोलावून अर्थिंग नवीन करून घेतलं, खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून. एडिटिंगच्या मशीनचा पहिला भाग हा खड्डाच आहे असं मी आता नव्या पोरांना सांगतो. त्यांना ते आवडत नाही. त्यांना कार्डाचा नंबर ऐकायचा असतो.

मॉनिटरवर खर्च करताना लोक हात आखडतात. माझं तसं होत नाही, त्याला कारण एका वधूपित्याचं वाक्य. जुन्या, स्वस्त पडद्यावर रंग लावलेली कॅसेट, म्हणजे आता पेन ड्राइव्ह, त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "सगळं झ्याक हाय, पण लेकीच्या हळदीत हळदच केशरी दिसायली की हो." हळद पिकवणाऱ्या माणसाला पिवळ्या रंगात फसवता येत नाही. मांडवाचं लाल-गुलाबी कापड वरून उन्हाला रंग देतं, त्यात एलईडीचा उजेड मिसळतो, आणि गालावरची हळद ओळखू येईनाशी होते. आठ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटांच्या फाइलमध्ये १०२४. ओढाताण करायला जागा मिळते ती इथं. पण पडदाच खोटा असेल तर ओढायचं किती, हे कळणार कसं? आयपीएस पॅनलचा, एसआरजीबी पूर्ण दाखवणारा पडदा घेतला. त्यावर घरची हळकुंडं शेजारी ठेवून मी रंग लावतो. याला शास्त्र म्हणत नाहीत, पण चालतं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर आमच्या भागातलं निम्मं मिक्सिंग एडियसवर होतं. फुलं उडणारी, फोटो फिरणारी तयार 'प्रोजेक्टं' विकत मिळतात, फोटो टाकले की काम झालं. एडियस हलक्या मशीनवरही पळतं, हे खरंच. क्रॅक केलेली आवृत्ती पेन ड्राइव्हवर देणारेही भेटतात. त्यातून मशीनमध्ये आणखी काय काय येतं, हे ज्याचं त्यानं बघावं. मी दाविंची रिझॉल्व्हकडं गेलो ते रंगासाठी. फुकटची आवृत्ती साध्या ४के पर्यंत व्यवस्थित काम देते. पण विंडोजवर माझ्या दहा बिटांच्या ४:२:२ फाइलींचं ओझं प्रोसेसरमधल्या त्या वेगळ्या भागावर टाकायचं तर स्टुडिओ आवृत्ती लागते. ती एकदाच विकत घ्यायची, दरमहा भाडं नाही. शेतीवर चालणाऱ्या गावात गिऱ्हाइकाचे पैसे दरमहा येत नाहीत, त्यामुळं प्रीमियरचं मासिक भाडं मला नको वाटतं.

तरी प्रीमियर असो की दुसरं काही, माझी परीक्षा एकच : 'चि. सौ. कां.' लिहून बघायचं. कित्येक सॉफ्टवेअरांत वेलांटी 'च'च्या मागं जाऊन बसते, नाहीतर तुटक गोल घेऊन लोंबकळते. प्रीमियरमध्ये सेटिंगमध्ये जाऊन मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई करावं लागतं, मग ते ताळ्यावर येतं. नवरीचं नाव चुकीचं छापलेला व्हिडिओ कुणी ४के आहे म्हणून घेत नाही.

एवढं सगळं जमवून पहिलं लग्न दिलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन : "दादा, टीव्हीवर चालंना." पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये होता, त्यावर चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही म्हणून मी तो एक्सएफएटी करून दिला होता, आणि त्यांच्या जुन्या टीव्हीला एक्सएफएटी वाचता येत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक घरी पेन ड्राइव्ह दोन जातात. एकात पूर्ण दर्जाची फाइल, दुसऱ्यात तीच एच.२६४ मध्ये, साध्या एचडीत, चार जीबीच्या आतले तुकडे करून : हळद, लग्न, वरात. बहुतेक घरं दुसराच लावतात.