उतारावरचा हिशेब

माणसाला वेगाचे कौतुक फार. कोणाच्या दारात नवी गाडी आली की शेजारी पहिला प्रश्न विचारतो तो "पळते किती?" आणि दुसरा विचारतो तो "ॲव्हरेज किती देते?" ती थांबते कशी, हे विचारणारा शेजारी मला अद्याप भेटलेला नाही. थांबणे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते, जसे आपण रात्री झोपताना सकाळी उठणे गृहीत धरतो तसे. परंतु ज्या घरची चूल चार चाकांवर पेटते त्या घरात हा प्रश्न वर्षातून एकदा तरी उभा राहतोच आणि तो सुटेपर्यंत जेवणात कोणाचे लक्ष नसते. आमचे घर त्यांपैकी एक.

आमचे आप्पा पिकअप चालवतात. बेळगावच्या मार्केट यार्डातून कोबी, फ्लॉवर, मिरची, रताळी भरायची, रात्री निघायचे आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी असे करीत पहाटे म्हापशाच्या बाजारात माल उतरवायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा क्रम. कणकुंबी म्हणजे आपल्या मलप्रभेचे उगमस्थान. तिथून नदी पूर्वेला वळते आणि आप्पांची गाडी पश्चिमेला. नदीला समुद्र गाठायला अर्धी कर्नाटक-आंध्राची भूमी ओलांडावी लागते. आप्पांना समुद्र जवळ, पण मध्ये घाट आहे.

गेल्या श्रावणात गाडीच्या पुढच्या चाकातून किर्र असा आवाज येऊ लागला. "ब्रेक दाबला की आवाज येऊलाय आणि गाडी उजवीकडं ओढूलीय," आप्पा म्हणाले. मिस्त्रींनी चाक उघडून पाहिले. पॅडवरचा मसाला जेमतेम दोन मिलिमीटर राहिला होता. असा तो झिजत आला की पॅडवरची लोखंडी जीभ डिस्कला घासून किंचाळते. ती तशी किंचाळावी म्हणूनच बसवलेली असते. "गाडीनं सांगितलंय, आता तुम्ही ऐका," मिस्त्री म्हणाले.

नवे पॅड आणायला आप्पा मला सोबत घेऊन निघाले. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. "तू सायन्सची ना? डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच बघू," एवढेच त्यांचे मागणे होते. ऑटोनगरातल्या दुकानात गेल्यावर दुकानदारांनी विचारले, "याव गाडी?" आप्पांनी कन्नडमध्येच गाडीचे नाव आणि साल सांगितले आणि काउंटरवर तीन डबे आले. पहिला सहाशेचा, दुसरा अकराशेचा, तिसरा एकोणीसशेचा. तिन्ही एकाच गाडीचे, तिन्ही एकाच मापाचे. वरवर पाहणाऱ्याला एकाच आईची तीन लेकरे वाटावीत.

मंडळी, इथे थोडे शास्त्र सांगते. कंटाळा येणार नाही अशी आशा आहे.

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? गतीची उष्णता करतो, एवढेच. पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतो, घर्षण होते आणि चाकात साठलेली ऊर्जा तापून हवेत निघून जाते. सपाट रस्त्यावर हे काम घटकेपुरते असते. घाटात ते संपत नाही. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन धरा आणि उतार सहाशे मीटरचा धरा. वर्गात आपण जे सूत्र घोकतो त्यात हे आकडे घातले तर उत्तर येते सुमारे पावणेदोन कोटी ज्यूल. एवढ्या उष्णतेत पन्नास लिटरांहून अधिक गार पाणी उकळून निघेल. म्हणजे एका लग्नघराच्या अंघोळीचे पाणी तापवावे एवढी आच एका उतरणीत कुठे ना कुठे जिरवायची असते. त्यातला वाटा इंजिन उचलते, वाटा वारा उचलतो, उरलेला तळहाताएवढ्या पॅडांच्या आणि मागच्या लायनरांच्या माथी येतो.

म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गियरमध्ये घाट चढशील त्याच गियरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे महाभाग इंजिनाचा वाटाही ब्रेकच्याच डोक्यावर देतात. काही जण तर इंजिनच बंद करतात. तसे केले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-चार दाबांतच संपतो आणि पेडल दगडासारखे होते.

पॅड फार तापला म्हणजे त्यातल्या मसाल्याला धरून ठेवणारी राळ वायू सोडू लागते, त्या वायूचा पातळ थर पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतो आणि घर्षण कमी होते. पाय पेडलवर घट्ट आहे, पण गाडी ऐकत नाही, ही ती अवस्था. त्यात ब्रेक ऑईल जुने असेल तर आणखी पंचाईत. ते ऑईल हवेतले पाणी पिते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यालेल्या ऑईलसाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट तळाला जाते.

हे सगळे माणसाला नवे नाही. उतारावर बैलगाडीच्या चाकाला लाकूड दाबून धरणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न ठाऊक होता. १८८८ साली बर्था बेंझ ही जर्मन बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. वाटेत उतारांनी लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. जगातले पहिले ब्रेक लायनर ते हेच असे मानतात. पुढे १८९७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकसाठी खास घर्षणाचा मसाला बनवण्याचा उद्योग सुरू केला. नंतर बराच काळ या मसाल्यात ॲस्बेस्टॉस घालीत. उष्णतेला ते दाद देत नाही, पण त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर कर्करोगापर्यंत मजल जाते. आमचे मिस्त्री चाक उघडले की आतली धूळ हवेच्या नळीने कधी उडवीत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात. त्यामागचे कारण हे.

आता त्या तीन डब्यांकडे येऊ.

सहाशेच्या डब्यावरचे नाव ओळखीचे वाटत होते, पण त्यात एक अक्षर इकडचे तिकडे होते. बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, बॅच नंबर नव्हता, ॲस्बेस्टॉस आहे की नाही याविषयी अवाक्षर नव्हते. पॅडच्या लोखंडी पाठीवर छापही नव्हता. अकराशेचा पॅड सेमी-मेटॅलिक, म्हणजे मसाल्यात लोखंडाचा कीस आणि भुकटी भरपूर असलेला. तो उष्णता लवकर बाहेर टाकतो आणि तापल्यावरही पकड सोडत नाही. गार असताना मात्र जरा आळस करतो, थोडा आवाज करतो आणि डिस्कही थोडी जास्त खातो. एकोणीसशेचा सिरॅमिक, आवाज कमी, काळी धूळ कमी, शहरात फिरणाऱ्या मोटारीला शोभणारा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅडच्या कडेला बारीक अक्षरांची एक ओळ होती. तिच्या शेवटी दोन अक्षरे, 'एफएफ'. ही खूण मूळची अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांची. पहिले अक्षर पॅड साधारण गरम असतानाची पकड सांगते, दुसरे तो खूप तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे त्याहून वर ०.५५ पर्यंत. पॅड किती दिवस टिकेल हे त्या अक्षरांतून कळत नाही, पण घाटाच्या माणसाने दुसरे अक्षर आधी वाचावे हे मला तिथेच उमगले. पुस्तकातला घर्षणांक म्हणजे ग्रीक लिपीतला एक 'म्यू' होता. तो असा काउंटरवर भेटेल असे वाटले नव्हते.

मी हे सगळे आप्पांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि सहाशेचा डबा हातात घेतला.

आप्पांची बाजूही समजून घ्यायला हवी. भाजीच्या भाड्यात उरते किती? डिझेल, टोपल्यांची चढ-उतार, वाटेतला चहा, गाडीचा हप्ता हे सगळे वजा जाता जे हाती येते त्यात पाचशे रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. शिवाय वीस वर्षे या माणसाने चोर्ल्याचे प्रत्येक वळण पायाने वाचलेले. "हात चांगला असला की पॅडला काय बघायचं?" हे त्यांचे वाक्य गर्वाचे नव्हते, ते खरेच होते. ते ब्रेकवर पाय ठेवतात तो पाखरू बसावे तसा. त्यांच्या गाडीत हलका पॅडसुद्धा निभावून गेला असता.

गाडीसोबत ऑटोनगरात आलेले मिस्त्री मघापासून दाराशी उभे राहून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "आप्पा, तुमच्यासाठी कुठला पण चालंल की. पण दिवाळीपासनं गाडी कोण नेणार आहे?"

दुकानात क्षणभर कोणी बोलले नाही.

दिवाळीपासून गाडी दादा नेणार होता. माझा थोरला भाऊ, बावीस वर्षांचा, पीयूसीनंतर शिक्षण सोडलेला. आप्पांची कंबर आता रात्रीच्या प्रवासाला साथ देत नाही, म्हणून घरात तसे ठरले होते. दादा गाडी चांगली चालवतो, पण बावीस वर्षांचा माणूस जशी चालवेल तशी. पहाटेचा बाजार गाठायचा म्हणून तो थोडा ओढणार, वळण जवळ आल्यावर ब्रेक दाबणार, आणि पावसाळ्यातल्या धुक्यात समोर एखादा टँकर अचानक उभा राहिला तर दोन्ही पायांनी दाबणार. आप्पांच्या पायात वीस वर्षे आहेत, ती दादाच्या पायात घालता येत नाहीत. पॅड मात्र घालता येतो.

मला वाटते, ब्रेक निवडण्याचे सारे मर्म यातच आहे. चांगल्या दिवशी, चांगल्या हाती, कोणताही पॅड गाडी थांबवतो. वर्षातून एखादीच रात्र अशी येते की भार जास्त आहे, रस्ता ओला आहे, चालवणारा नवखा आहे, झोप डोळ्यांवर आहे आणि समोर कोणीतरी आहे. पॅड घ्यायचा तो त्या एका रात्रीसाठी. आणि समोरचा तो कोणीतरी आपल्या हिशेबात कुठेच नसतो, हेही ध्यानात ठेवावे. पाचशे रुपये वाचतात ते आपले. घाटाच्या पायथ्याशी, केरीच्या रस्त्यावर सकाळी दूध घेऊन चाललेल्या माणसाला त्या बचतीतला एक पैसाही मिळायचा नसतो, धोक्यात मात्र त्याचा वाटा पुरेपूर.

आप्पांनी सहाशेचा डबा परत सरकवला. मग एकोणीसशेच्या डब्याकडे पाहून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. घाटाच्या आणि भाराच्या कामाला महागडी शांतता नको होती, दोघांची अक्षरे तीच होती. अकराशेचा डबा घेतला आणि वाचलेल्या पैशांत ब्रेक ऑईलची नवी बाटली घेतली. पॅड एकाच चाकाचा झिजला असला तरी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. डिस्क बिडाची असते, तशीच ओतकामे आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत रोज होतात. ती किती पातळ झाली तर टाकून द्यायची, तो आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. मिस्त्रींनी माप घेतले, ती अजून जाड होती. कॅलिपरची एक पिन गंजून अडकली होती, गाडी ओढत होती ती त्यामुळे. ती साफ करून वंगण लावले. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराने ब्रेक न दाबता चालवा, पॅड आणि डिस्क यांची ओळख होऊ द्या, असे बजावून त्यांनी किल्ली दिली, ती आप्पांच्या हाती न देता दादाच्या.

घरी येऊन मी वहीत हिशेब मांडला. एका जोडीवर साठ खेपा होतात असे धरले तर पाचशे रुपयांचा फरक खेपेला आठ-सव्वाआठ रुपये पडतो. म्हापशाच्या बाजारात तेवढ्यात चहासुद्धा धड मिळत नाही. आप्पांना आकडा दाखवला. ते काही बोलले नाहीत. वही मात्र त्यांनी मिटून माझ्या हातात न देता देवळीत ठेवली.

दिवाळीनंतर दादा गाडी नेऊ लागला. घाटात फोनला रेंज नसते. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास केरीला पोचला की तो फोन करतो आणि एकच शब्द बोलतो, "उतरलो." तोवर आप्पा अंथरुणावर पडलेले असतात, पण झोपलेले नसतात. फोन ठेवला की ते कूस बदलतात. त्यानंतर त्यांच्या घोरण्याचा आवाज येतो, आणि मग मीही दिवा मालवते.