कोल्हापूरची बुजवलेली तळी

कोल्हापूरला निघालोय म्हटलं की ऑफिसमध्ये फर्माइशी सुरू होतात. कुणाला चप्पल हवी, कुणाला कांदा-लसूण चटणी, कुणाला अंबाबाईचा प्रसाद. आणि ज्यांना स्वतःला जायचंय त्यांचा प्रश्न ठरलेला, "एका दिवसात काय काय होईल रे?" माझं उत्तरही ठरलेलं. सकाळी देवीचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, की सुटा परत पुण्याला.

पण तुमच्याकडे तीनेक तास आणि बरे बूट असतील, तर आता माझ्याकडे दुसरं उत्तर आहे. तळी बघा. म्हणजे, जी आता नाहीत ती!

माझं गाव गडमुडशिंगी. कोल्हापूरच्या पूर्वेला, उजळाईवाडीच्या विमानतळाजवळ. त्यामुळे कोल्हापूर आजवर पाहिलं ते बहुतेक गाडीवरून. परवाच्या शनिवारी मात्र गाडी लांब लावली आणि देवळापासून पायी निघालो.

सुरुवात देवळातच करा. घाटी दरवाजाच्या बाजूला मनकर्णिका कुंड आहे. आमच्या लहानपणी ते नव्हतंच. म्हणजे होतं, पण मातीखाली, आणि वर बाग. 2020 मध्ये खोदकाम सुरू झालं आणि इतकी वर्षं झाकलेलं दगडी बांधकाम पुन्हा उजेडात यायला लागलं. बुजवायलाही खर्च, उकरायलाही खर्च. आमच्या भाषेत सांगायचं तर डिलीट केलेला डेटा पुन्हा रिकव्हर करण्याचा प्रकार.

महाद्वारातून बाहेर पडून ताराबाई रोडला लागलं की कपिलतीर्थ मार्केट येतं. भाजी मंडई. इथे एके काळी खरोखरच तीर्थ होतं, पाण्याचं. कोल्हापूरचं ग्रामदैवत मानला जाणारा कपिलेश्वर अजून तिथेच आहे, मेथी-कोथिंबिरीच्या गराड्यात. एका मावशींना विचारलं, "इथं तळं होतं म्हणे?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तळं कुठलं बाळा, मंडई हाय ही. वांगी घे, ताजी हायती." घेतली.

तिथून शिवाजी पेठेत गेलात की गांधी मैदान लागतं. क्रिकेट, सभा, सगळं काही इथे चालतं. याचं मूळचं नाव वरुणतीर्थ. पावसाळ्यात इथे पाणी साचतं आणि मग मैदानाचं तळं झालं म्हणून आरडाओरडा होतो. अहो, तळ्याचंच मैदान केलंय, त्याचं पुन्हा तळं होणारच की! उतार तोच आहे, पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर येतं.

तसंच शाहू स्टेडियम. जिथे पीटीएम आणि दिलबहारच्या मॅचला अख्ख्या पेठा लोटतात, तिथे रावणेश्वर तळं होतं. शेजारी रावणेश्वराचं देऊळ आहे, म्हणून नाव तरी टिकलं.

चालता चालता एक गोष्ट लक्षात आली. रंकाळा, पेटाळा, सिद्धाळा. यातला रंकाळा सोडला तर पाणी कुठेच नाही. पेटाळा म्हणजे मैदान, सिद्धाळा म्हणजे बाग. पण शेवटचा 'ळा' बघा, तळ्यातला वाटतो की नाही? मला तर तो फाईलच्या एक्स्टेन्शनसारखा वाटला. फाईल उघडत नाही, पण ती कसली होती ते कळतं.

मग ही तळी बुजवली तरी का? मंगळवार पेठेत 'पाण्याचा खजिना' नावाचा भाग आहे. कळंबा तलावाचं पाणी इथे येऊन मग शहरात जायचं. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. दारात नळ आला की तळ्यावर कोण जातंय? वापर थांबला की कचरा सुरू, कचरा झाला की डास, आणि डास झाले की "बुजवून टाका एकदाचं" म्हणायला सगळे तयार. कुणी खलनायक नाही यात. प्रत्येक वेळी प्रत्येकाचं बरोबरच असतं.

शेवटी कोटीतीर्थ. शाहू महाराजांनी 1906 मध्ये सुरू केलेल्या मिलच्या शेजारचं हे तळं अजून शाबूत आहे. काठावर निर्माल्याच्या पिशव्या होत्या, पाण्याचा रंग काही बरा नव्हता. पण पाणी होतं. तिथे बराच वेळ बसलो, कारण डोक्यात वेगळंच काहीतरी चाललं होतं.

आमच्या शेतात आजोबांनी खोदलेली विहीर आहे. आधी मोट, मग मोटर, आणि आता काहीच नाही. आता आजूबाजूची शेतं बघता बघता प्लॉट झाली. आण्णाही आमच्या तुकड्याचा लेआउट करायचा म्हणतायत. विहीर बरोबर मध्ये येते. बुजवली तर दोन प्लॉट जास्त निघतात. दोन प्लॉट म्हणजे माझ्या पुण्याच्या फ्लॅटचं बरंचसं कर्ज! तेव्हा हा काही नुसता निसर्गप्रेमाचा मामला नाही.

रात्री जेवताना विषय काढला. म्हटलं, "आण्णा, लेआउटमध्ये ओपन स्पेस सोडावी लागतेच ना? मग ती विहिरीभोवतीच सोडू."

"आणि पाणी काढणार कोण? तू?"

"प्लॉट घेणारे काढतील. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतात, आण्णा. विकत घेतो आम्ही पाणी."

"बघू," आण्णा म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच असतो. आईनं आमटी वाढली आणि विषय तिथेच राहिला.

रविवारी सकाळी शेतात गेलो तर आण्णा आधीच तिथे. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडत होते. वर ओढलेली ओली दोरी त्यांनी हातानं मोजली आणि मला न बघताच म्हणाले, "सोळा हात हाय अजून."

अजून काही ठरलेलं नाही. लेआउटवाल्याला पुढच्या आठवड्यात बोलावलंय, नकाशा दोन्ही प्रकारे काढून मागणार आहोत.

असो. तुम्ही कोल्हापूरला गेलात तर दर्शनानंतर कपिलतीर्थाकडे वळा. आणि ते जमणार नसेल तर स्वतःच्याच गावातल्या जागांची नावं एकदा नीट वाचून बघा. तळं, टाकं, ओढा, विहीर असं काही सापडलं, तर पुढच्या पावसात तिथे जाऊन उभे राहा.